खाऱ्या हवेतली तसबीर

मे महिना. ऊन मी म्हणतंय. मोरा बंदरात पाणी ओसरलंय, गाळ उघडा पडलाय. अशा ओहोटीला भाऊच्या धक्क्याची लाँच इथं लागत नाही. पाणी चढायची वाट बघत माणसं सावली धरून बसलीत. लोखंडी कठड्याला हात लावला की गंज तळव्याला येतो.

कोळीवाड्याच्या गल्लीत जवळा सुकतोय. एका घराचं दार उघडं आहे. समोरच्या भिंतीवर एकवीरा आईची तसबीर, शेजारी होडीपुढे उभ्या असलेल्या एका माणसाचा जुना फोटो. घरातल्या मावशी स्टुलावर चढून तो उतरवतात. मागचा पुठ्ठा ओलीनं फुगलाय. खिळ्यांचा गंज कागदापर्यंत उतरलाय. फोटो काचेला चिकटलाय, नेमका खांद्याजवळ. मावशी पदरानं काच पुसतात, डाग तसाच राहतो. तो आतल्या बाजूला आहे.

फोटो घेऊन मावशी, त्यांचा मुलगा आणि मी बाजारात येतो. फ्रेमचं दुकान अरुंद. तीन भिंतींवर पट्ट्यांचे कोपरे टांगलेत: सोनेरी, काळे, सागवानी, नक्षीचे. करवतीचा भुसा घामाला चिकटतो. पंखा फिरतो, पण कागद उडतात म्हणून कारागीर तो बंद करतो. लग्नसराईचे फोटो थप्पीनं पडलेत. आमच्या पुढे चौघे आहेत.

मावशींचा नंबर लागतो. कारागीर फोटो काचेवरून ओढत नाही. ओल लागली की फोटोवरचा थर मऊ होऊन काच धरतो, ओढलं तर चेहराच निघायचा. “काचेसकट स्कॅन करून नवी प्रत काढू, मावशी. मूळ फोटो असाच जपून ठेवा.”

मुलगा रुंद सोनेरी पट्टी उचलतो. ती फोटोवर ठेवताच होडी दिसेनाशी होते, नुसतं सोनं दिसतं. मावशी काही बोलत नाहीत. कारागीर बारीक काळा कोपरा ठेवतो, आत पांढरा माउंट. आता नजर थेट त्या माणसाच्या डोळ्यांवर जाते. मला हीच पट्टी पटते.

“लाकूड की सिंथेटिक?” मुलगा विचारतो. लाकूड पावसाळ्यात फुगतं, कोपरे उघडतात, वाळवीची भीती वेगळी. सिंथेटिकला ती धास्ती नाही. माउंट नुसता शोभेला नाही, हे कारागीर बोटानं दाखवतो. माउंटच्या जाडीएवढी फट राहते, काच फोटोला टेकत नाही. प्रत 12 बाय 15 इंचांची, चारही बाजूंनी दोन इंच माउंट, म्हणजे 16 बाय 19. पट्टी एक इंच रुंद. चारही बाजूंची बेरीज 70 इंच. कोपरे 45 अंशांत कापायचे, त्यासाठी पट्टीच्या रुंदीच्या आठपट जास्त धरायची. 78 इंच. साडेसहा फूट पट्टी.

शेजारच्या आजोबांनी वर्तमानपत्रात गुंडाळून छापील लक्ष्मी आणलीय. 1894 साली मुंबईत सुरू झालेल्या एका प्रसिद्ध छापखान्यातली. साडीवर कुणीतरी जरी-टिकल्या चिकटवल्यात. कडा पिवळ्या पडल्यात. “फ्रेममध्ये बसवायला कडा छाटू?” दुकानातला पोरगा विचारतो. मला राहवत नाही. चित्राखाली छापखान्याची ओळ आहे, ती गेली की चित्राची ओळखच गेली. चित्र कापू नका, फ्रेम मोठी करा. आजोबा मान डोलावतात.

मग मी माझं वारली चित्र उलगडतो. गेरूवर तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग. कसरीला पीठ आवडतं, म्हणून मागची बाजू टेपनं पक्की बंद हवी. रंग भुकटीसारखा सुटतो, काच दूरच हवी. 2 मिलिमीटर काचेचं वजन चौरस मीटरला 5 किलो भरतं. एवढं वजन एका खिळ्यावर नको, दोन कड्या लावायच्या. इथल्या हवेत त्या पितळीच.

मागं पायानं दाबायचं यंत्र चालू होतं. खट्. कोपरा जुळतो. कारागीर नख फिरवून बघतो, कुठे अडतं का.

“मावशी, फोटो लावणार कुठं?”

“होता तिथंच. पश्चिमेच्या भिंतीला.”

“तिथं पाऊस झोडपतो. आतल्या भिंतीला लावा. मागं चार रबरी गोळ्या चिकटवून देतो, हवा खेळती राहील. आणि छताजवळ नको, बघणाऱ्याच्या डोळ्यासमोर येऊ द्या.”

मावशी मुलाकडे बघतात. आतल्या भिंतीवर त्याचा टीव्ही आहे.

“टीव्ही सरकव,” त्या म्हणतात, आणि कमरेच्या बटव्यातून आगाऊ रक्कम काढतात.