उमेदवार कोणाचा? आधी जमाखर्च पाहा!

निवडणूक आली की आपल्या वस्तीत पहिला प्रश्न निघतो, ‘उमेदवार कोणाचा?’ ‘तो काय करणार?’ हा प्रश्न बहुधा विचारायचाच राहून जातो. म्हणून आज आम्ही वाचक बंधुभगिनींपुढे परदेशातील एका नगरपरिषदेच्या उमेदवाराचा जमाखर्च मांडत आहोत. शहर अमेरिकेतील सिएटल. उमेदवार श्रीमती क्षमा सावंत.

त्यांचा जन्म १९७३ साली पुण्यात, तमिळ ब्राह्मण कुटुंबात झाला. बालपण मुंबईत गेले. मुंबई विद्यापीठातून संगणकशास्त्राची पदवी घेऊन त्या अमेरिकेस गेल्या. संपन्न देशातील दारिद्र्य पाहून त्या अर्थशास्त्राकडे वळल्या, डॉक्टरेट मिळवली आणि सिएटलमध्ये प्राध्यापकी केली. २०१२ साली राज्य विधिमंडळाच्या निवडणुकीत त्या हरल्या. पुढच्याच वर्षी मात्र सोळा वर्षे नगरपरिषदेत बसलेल्या रिचर्ड कॉन्लिन यांचा त्यांनी पराभव केला.

जाहीरनाम्यात ठळक मागण्या तीन होत्या: तासाला किमान १५ डॉलर मजुरी, घरभाड्यावर नियंत्रण आणि श्रीमंतांवर कर. त्या वेळी राज्यातील किमान मजुरी तासाला ९ डॉलर १९ सेंट होती. म्हणजे आठ तासांचे ७५ डॉलरही होत नव्हते. मागणी १२० डॉलरची होती. जून २०१४ मध्ये परिषदेने ही वाढ टप्प्याटप्प्याने देण्याचा ठराव मंजूर केला. २०२० साली बड्या कंपन्यांवर करही बसला. घरभाड्याचे नियंत्रण मात्र राज्याच्या कायद्यामुळे साधले नाही. नऊ सदस्यांच्या सभागृहात एकटीचे श्रेय कशाचेच नसते, हेही ध्यानात घ्यावे. सुमारे १ लाख १७ हजार डॉलर वार्षिक पगारातून त्या ४० हजारच स्वतःसाठी ठेवीत. कर वजा जाता उरलेली रक्कम चळवळीस देत.

आपल्या दृष्टीने सर्वांत मोठी जमा २१ फेब्रुवारी २०२३ ची आहे. नोकरी, घर आणि सार्वजनिक ठिकाणी जातीवरून भेदभाव करण्यास बंदी घालणारा त्यांचा प्रस्ताव त्या दिवशी ६ विरुद्ध १ मतांनी मंजूर झाला. असा कायदा करणारे सिएटल हे अमेरिकेतील पहिले शहर ठरले. काही हिंदू संघटनांनी विरोध केला. आंबेडकरवादी कार्यकर्त्यांनी मात्र बाजू लावून धरली. त्याच वर्षी श्रीमती सावंत यांनी पुन्हा उभे न राहता परिषद सोडली.

ब्राह्मण घरात जन्मलेल्या बाईचे कौतुक कशाला, असे कोणी विचारील. १९३८ साली मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू सांगितले. ब्राह्मणशाही म्हणजे ब्राह्मण व्यक्ती नव्हे, तर स्वातंत्र्य, समता व बंधुता नाकारणारी वृत्ती, आणि ती कोणत्याही जातीत असू शकते, हेही त्यांनीच बजावले. या कसोटीवर परका आपला ठरू शकतो, तसाच आपल्या घरचाही नापास होऊ शकतो.

तेव्हा मते मागायला येणाऱ्यास चहा जरूर पाजा, पण समोर वही उघडून बसा. पाणी, संडास, सफाई कामगारांची मजुरी, दवाखाना यांवर त्याचे म्हणणे काय, ते लिहून घ्या. पाच वर्षांनी तीच वही पुन्हा उघडा. आमच्या मते, बाबासाहेबांनी मिळवून दिलेल्या मताची राखण याहून वेगळी नाही.

जयभीम!