‘ऑलिम्पिकमध्ये नाही ना? मग कसला आलाय खेळ!’

वर्ल्ड गेम्सचा विषय निघाला की हे वाक्य हमखास कानावर पडतं. मुख्यतः ऑलिम्पिकमध्ये नसलेल्या खेळांची ही जागतिक स्पर्धा ऑगस्ट २०२५ मध्ये चीनमधल्या चेंगदू शहरात झाली. ३४ खेळ, शंभराहून अधिक देश आणि सुमारे चार हजार खेळाडू. आपल्याकडे मात्र ‘रस्सीखेचीचंही पदक देतात म्हणे’ एवढ्यावर विषय संपतो. म्हणून हे गैरसमज एकदा नीट दूर करून घेऊ.

गैरसमज : ऑलिम्पिकने नाकारलेल्या खेळांची ही जत्रा आहे. त्यात दम असता तर ऑलिम्पिकने घेतलं नसतं का?

वस्तुस्थिती : घेतलंय की! पहिले वर्ल्ड गेम्स १९८१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा इथे झाले. त्यात बॅडमिंटन होतं. ऑलिम्पिकमध्ये पदकांसाठी बॅडमिंटन सुरू झालं ते १९९२ मध्ये, बार्सिलोनात. सायना नेहवालचं पदक आणि पी. व्ही. सिंधूची दोन पदकं आपण डोक्यावर घेऊन नाचलो, ती याच खेळातली. सांता क्लारात तायक्वांदोही होतं, ते २००० मध्ये सिडनीत आलं. रग्बी सेव्हन्स २००१ च्या अकिता वर्ल्ड गेम्समध्ये होतं, ऑलिम्पिकमध्ये पोहोचायला २०१६ उजाडलं. स्पोर्ट क्लाइंबिंग टोकियोत आलं आणि स्क्वॉश २०२८ मध्ये लॉस एंजेलिसला येतंय. ऑलिम्पिकचं पत्र आलं त्या दिवशी हे खेळ खरे झाले आणि आदल्या दिवसापर्यंत खोटे होते, असं मानायचं का?

आता उलट बाजूही बघा. ज्या रस्सीखेचीला आपण हसतो, ती १९०० ते १९२० या काळात ऑलिम्पिकमध्ये होती. १९०८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये लिव्हरपूलच्या पोलिसांच्या जड बुटांवरून अमेरिकन संघाने रीतसर तक्रारही केली होती. पुढे कार्यक्रमाला कात्री लागली आणि रस्सीखेच बाहेर गेली. दोराचा त्यात काही दोष नव्हता.

तरीही पटत नसेल तर क्रिकेटकडे वळू. १९०० मध्ये पॅरिसला ब्रिटन आणि फ्रान्स यांच्यात एकुलता एक सामना झाला. त्यानंतर क्रिकेट ऑलिम्पिकमध्ये परत येतंय ते थेट २०२८ मध्ये. म्हणजे मधल्या काळात गावसकर आणि तेंडुलकर टाइमपास करत होते? शिवाजी पार्कात उभं राहून हे एकदा म्हणून दाखवा.

ताजं उदाहरण तर आपल्या घरचंच आहे. २०२३ मध्ये बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे कंपाउंड तिरंदाजीत जगज्जेते झाले. तेव्हा ऑलिम्पिकमध्ये फक्त रिकर्व्ह धनुष्य चालत होतं, कंपाउंड नव्हतं. वर्ल्ड गेम्समध्ये मात्र कंपाउंड होतं. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या बर्मिंगहॅमला अभिषेक वर्मा आणि ज्योती सुरेखा वेन्नम यांनी कंपाउंडच्या मिश्र सांघिक प्रकारात कांस्य मिळवलं. नेमका हाच प्रकार आता लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये आला आहे. बदलली ती यादी. धनुष्यही तेच आहे आणि तिरंदाजांची नजरही तीच.

मग एखादा खेळ आत आणि दुसरा बाहेर का? कारण बरंचसं जागेचं आहे. उन्हाळी ऑलिम्पिकसाठी साधारण साडेदहा हजार खेळाडूंची मर्यादा ठरवलेली आहे. एक सांघिक खेळ घेतला की शेकडो जागा जातात. शिवाय यजमानांना काही खेळ सुचवता येतात, प्रेक्षक आणि प्रक्षेपणाचा हिशेब असतो, खेळ किती देशांत रुजलाय तेही पाहतात. गुणवत्ता हा त्यातला एक मुद्दा झाला, एकमेव नव्हे. खुद्द आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समिती वर्ल्ड गेम्सला कमी लेखत नाही. २००० मध्ये तिने या स्पर्धेच्या संघटनेशी सहकार्याचा करार केला आहे.

गैरसमज : हे खेळ सोपे असतात. गॅदरिंगला आम्हीही दोर ओढलाय.

वस्तुस्थिती : ओढला असेल. पण वर्ल्ड गेम्समध्ये मैदानावरच्या पुरुषांच्या रस्सीखेचीत आठ जणांचं एकत्रित वजन ६४० किलोच्या आत लागतं, म्हणजे माणशी सरासरी ८० किलो. दोराला गाठ किंवा फास चालत नाही. मुद्दाम खाली बसलात तर ताकीद मिळते. शेवटचा गडी दोर काखेखालून घेऊन, पाठीवरून तिरपा नेऊन, दुसऱ्या खांद्यावरून पुढे सोडतो. प्रतिस्पर्ध्याला चार मीटर खेचायचं, तेही तीनपैकी दोनदा. नवखा संघ हाताने ओढतो. मुरलेला संघ टाचा रोवून, पाठ जमिनीलगत नेऊन पायांनी मागे रेटतो आणि समोरच्याचा दम तुटायची वाट बघतो.

जीवरक्षक जलतरणाचंही तसंच. ५० मीटरच्या शर्यतीत अर्धं अंतर पोहायचं, तळाशी बुडवलेला पुतळा बुडी मारून वर काढायचा आणि तो ओढत भिंत गाठायची. सोपं वाटत असेल तर करून पाहावं!

आणखी काही, थोडक्यात

‘ही दिव्यांगांची स्पर्धा आहे.’ गल्लत नावामुळे होते. ‘स्पेशल ऑलिम्पिक्स वर्ल्ड गेम्स’ ही बौद्धिक अक्षमता असलेल्या खेळाडूंची वेगळी स्पर्धा. भारताने २०२३ मध्ये बर्लिनला २०२ पदकं मिळवली, ती तिथली.

‘भारत तिथे नसतोच.’ मुंबईच्या आदित्य मेहताने २०१३ मध्ये कोलंबियातल्या काली इथे स्नूकरचं सुवर्ण जिंकलं. चेंगदूत नम्रता बत्राने वूशूत रौप्य, तर ऋषभ यादवने कंपाउंड तिरंदाजीत आणि आनंदकुमार वेलकुमारने स्केटिंगमध्ये कांस्य मिळवलं.

‘इथे उत्तेजक चाचणी नसते.’ असते. जागतिक उत्तेजकविरोधी संहिता इथेही लागू आहे.

‘यासाठीही नवी स्टेडियम बांधून पैशांचा चुराडा होतो.’ यजमान शहराने शक्यतो असलेल्याच सोयी वापराव्यात, हे इथलं धोरण आहे. तैवानमधल्या काओशुंगने २००९ साठी सौरऊर्जेवर चालणारं भव्य स्टेडियम उभारलं, पण तो अपवाद.

‘कबड्डी आणि मल्लखांब तिथे असतीलच.’ नाहीत. त्यासाठी साधारणपणे खेळाची आंतरराष्ट्रीय संघटना वर्ल्ड गेम्सच्या संघटनेची सदस्य असावी लागते. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी देशी खेळ दाखवले, पण ते प्रात्यक्षिक होतं. त्याला पदकं नव्हती.

पुढचे वर्ल्ड गेम्स २०२९ मध्ये जर्मनीतल्या कार्ल्सरूहला आहेत. तोवर घरातली एखादी मुलगी ओरिएंटिअरिंग किंवा स्केटिंग करते म्हणाली, तर ‘ऑलिम्पिकमध्ये आहे का?’ हा प्रश्न जरा बाजूला ठेवा. प्रशिक्षक कोण आहे, सराव कुठे होतो आणि राष्ट्रीय संघटना मान्यताप्राप्त आहे का, हे आधी विचारा.