लिनक्समध्ये डिस्कची आपोआप जोडणी

मराठी विभागाने गावोगाव फिरून ध्वनिमुद्रित केलेल्या जात्यावरच्या ओव्या आपल्या संगणक कक्षातील एका जादा डिस्कवर ठेवल्या आहेत. त्यांत माझ्या आजीचाही आवाज आहे. आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच. तेव्हा हा ठेवा नीट राहावा ही माझी तळमळ वाचकांनी समजून घ्यावी.

कक्षातील संगणक लिनक्सवर चालतात. लिनक्समध्ये डिस्कची तार जोडली म्हणजे काम झाले असे नाही. ती एखाद्या डिरेक्टरीवर 'माउंट' करावी लागते, तेव्हाच आतील फाइली दिसतात. संगणक सुरू होताना हे आपोआप घडावे म्हणून 'एफएसटॅब' या फाइलीत एक ओळ लिहितात. तिचे सहा रकाने असतात. त्यांपैकी दोन विशेष महत्त्वाचे.

पहिला रकाना डिस्कच्या ओळखीचा. तेथे 'एसडीबी१' असे नाव लिहू नये. ही नावे रांगेतील जागेसारखी असतात. आज दुसरा असलेला उद्या तिसरा होतो. त्याऐवजी 'यूयूआयडी' लिहावा. तो रेशनकार्डावरील क्रमांकासारखा. रांग बदलली तरी बदलत नाही. 'बीएलकेआयडी' ही आज्ञा तो दाखवते. मात्र डिस्क नव्याने फॉरमॅट केली की हा क्रमांकही नवा होतो, हे ध्यानात ठेवावे.

चौथा रकाना पर्यायांचा. जादा डिस्कसाठी येथे 'नोफेल' लिहावे. ते नसेल आणि डिस्क सापडली नाही, तर 'सिस्टिमडी' वापरणारा संगणक सामान्यतः ९० सेकंद वाट पाहतो व 'इमर्जन्सी मोड'मध्ये अडकून बसतो. अशा वेळी प्रशासकाचा पासवर्ड देऊन ती ओळ दुरुस्त करावी लागते. म्हणून ओळ लिहिल्यावर लगेच संगणक बंद करू नये. आधी 'फाइंडमाउंट --व्हेरिफाय' व मग 'माउंट -ए' या आज्ञा देऊन चूक आहे का ते पाहावे.

परंतु 'नोफेल'मुळे दुसरा धोका संभवतो. डिस्क नसतानाही संगणक निमूटपणे सुरू होतो आणि रिकामी डिरेक्टरी तशीच राहते. तीत टाकलेल्या फाइली मुख्य डिस्कवर जातात. पुढे जादा डिस्क माउंट झाली की त्या तिच्याखाली झाकल्या जातात. पाहणाऱ्याला वाटते, फाइली नाहीशा झाल्या! प्रत्यक्षात डिस्क 'अनमाउंट' करताच त्या पुन्हा दिसतात.

तेव्हा नवे ध्वनिमुद्रण ठेवण्यापूर्वी 'फाइंडमाउंट' आज्ञेपुढे त्या डिरेक्टरीचा पत्ता लिहून पाहावा. उत्तरादाखल काहीच आले नाही, तर फाइली टाकू नयेत. आधी डिस्क शोधावी.