शेपटीकडे चाक असलेली विमाने

महाड-भोर मार्गावरील वरंध घाटातून जाणाऱ्या मालमोटारीच्या पाट्यांना पावसाळ्यात काय सोसावे लागते, हे त्या परिसरात वेगळे सांगावयास नको. खड्ड्यात आपटलेली मोटार उसळून पुन्हा रस्त्यावरच येते. विमान मात्र उडण्याइतका वेग अंगात असतानाच जमिनीस टेकते. तो धक्का पाट्याने परत केला, तर विमान पुन्हा हवेत चढते.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून टपाल घेऊन ‘पस मॉथ’ हे लहान विमान जुहूस उतरविले. जुहूचा तळ म्हणजे समुद्रालगतचे चिखलमैदान. पावसाळ्यात ते पाण्याखाली जाई व टपालसेवेस पुण्यात येरवड्याजवळच्या मैदानाचा आश्रय घ्यावा लागे. अशा भूमीसाठी पुढे दोन चाके व शेपटीखाली टेकू, हीच रचना सोयीची होती. तीत नाक उंच राहत असल्याने पंखा दगडमातीपासून दूर राहतो आणि चिखलात रुतेल असे नाकाखालचे चाकच नसते.

या सोयीची किंमत वैमानिक मोजतो. मुख्य चाके पुढे व बहुतेक भार त्यांच्या मागे असतो. ट्रॅक्टरची ट्रॉली मागे घेताना जशी आडवी होऊ पाहते, तसे हे विमान जमिनीवर धावताना किंचित तिरके झाले, की शेपूट पुढे येऊ पाहते. शिवाय चाके जोरात आपटली, तर शेपूट खाली दबते, पंखांचा कोन वाढतो व उचल मिळून विमान उसळते. म्हणूनच धक्का झेलणारे पाय कोणत्या प्रकारचे आहेत, याला महत्त्व येते.

सर्वांत साधा प्रकार रबरी दोरांचा. अमेरिकेच्या ‘पायपर कब’ विमानात चाकांचे पाय पसरले, की गुंडाळलेले दोर ताणले जातात. दोरांच्या घर्षणात धक्क्याचा काही अंश जिरतो. उन्हाने व तेलाने रबर निकामी होते, परंतु ते बदलणे सोपे असते. दुसरा प्रकार पोलादी पाट्याचा. स्टीव्ह विटमन यांची ही कल्पना ‘सेसना’ कंपनीने १७० व १८० या विमानांत वापरली. त्यास देखभाल जवळजवळ लागत नाही, पण पोलाद घेतलेला धक्का बहुतांशी परत करते. उतरण्यातील चूक ते झाकत नाही. तिसऱ्या प्रकारात नळकांड्यातील तेल बारीक छिद्रातून दाबले जाते व आघाताची शक्ती उष्णतेच्या रूपाने निघून जाते. उसळी कमी करण्यात हाच प्रकार सरस. मात्र त्याची झाकणी गळू लागली, की कुशल कारागीर हवा. यंत्रखरेदीची तरतूद होते आणि दुरुस्तीची राहते, हा अनुभव अनेक कार्यालयांना आहेच. आडवळणाच्या धावपट्टीवर म्हणूनच रबरी दोर अधिक भरवशाचे ठरतात.

‘पस मॉथ’च्या पायांना आणखी एक काम होते. त्यांवरील आवरण आडवे फिरविता येई व ते वाऱ्यास अडवून उतरताना वेग कमी करी.

पुढे पक्क्या धावपट्ट्या वाढल्या, तसे नाकाखालच्या चाकाचे विमान रूढ झाले. तरीही हिंदुस्थान एरोनॉटिक्सने उड्डाण क्लबांसाठी बनविलेले ‘पुष्पक’ (पहिले उड्डाण १९५८) आणि पिकांवरील फवारणीसाठी बनविलेले ‘बसंत’ (१९७२) यांचे चाक शेपटीकडेच ठेवण्यात आले.