तार तुटली तर?

गावाहून तालुक्याला जाणाऱ्या रस्त्याने कधी सायकलवरून सावकाश गेलात, तर कडेला नजर टाका. थोड्या थोड्या अंतरावर रोवलेले सिमेंटचे ठेंगणे खुंट पुष्कळ ठिकाणी दिसतात. जमिनीखालून केबल गेली आहे, अशी ती खूण असते. या केबलमध्ये आता बहुधा तांबे नसते; केसासारखे बारीक काचेचे तंतू असतात आणि त्यांतून वीज नव्हे, तर प्रकाश धावतो.

तंतूच्या गाभ्यातील काचेचा अपवर्तनांक भोवतालच्या काचेपेक्षा किंचित जास्त असतो. त्यामुळे आत शिरलेला प्रकाश बाहेर न पडता गाभ्यातच कोंडला जाऊन पुढे सरकतो. ही काच इतकी निर्मळ असते की, योग्य तरंगलांबीचा अवरक्त प्रकाश वापरला तर १५ किलोमीटर गेल्यावरही त्यातला जवळजवळ निम्मा शिल्लक उरतो. तालुक्यापासून गावे साधारण एवढ्याच अंतरावर असतात. तेव्हा अडचण प्रकाशाची नाही. केबल कोणत्या वाटेने न्यायची, ही खरी अडचण आहे.

भारत सरकारने ऑक्टोबर २०११ मध्ये देशातील सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतू नेण्याची योजना मंजूर केली. पुढे तिला ‘भारतनेट’ असे नाव मिळाले. प्रत्येक ग्रामपंचायतीला सेकंदाला १०० मेगाबिट माहिती मिळावी, असे उद्दिष्ट होते. हे काम सरकारने का अंगावर घ्यावे, असे तुम्ही विचाराल. चर खणण्याचा खर्च किलोमीटरवर ठरतो, पलीकडच्या टोकाला किती घरे आहेत यावर नाही. शहरात एक किलोमीटर खणले तर शेकडो ग्राहक मिळतात. डोंगरातल्या वाडीसाठी पाच किलोमीटर खणून चाळीस घरे मिळाली, तर कोणता व्यापारी तिकडे फिरकेल? म्हणून दूरसंचार कंपन्यांच्या उत्पन्नाचा ५ टक्के भाग एका राखीव निधीत घेतला जातो आणि ग्रामीण भागातील अशा कामांचा खर्च त्यातून होतो.

आता क्षणभर तुम्हीच योजनाकार व्हा. कागदावर तालुक्याचे ठिकाण आणि भोवतालची गावे मांडा. अट एकच : कमीत कमी केबल वापरून सगळी गावे जोडायची. हा प्रश्न जुना आहे. त्या वेळच्या चेकोस्लोव्हाकियातील मोराविया प्रांतात गावोगावी वीज न्यायची होती, तेव्हा ओटाकार बोरूव्का या गणितज्ञाने १९२६ मध्ये त्याची रीत सांगितली. प्रत्येक गाव आधी त्याच्या सर्वांत जवळच्या गावाशी जोडायचे. त्यातून गावांचे पुंजके तयार होतात. मग प्रत्येक पुंजका जवळच्या पुंजक्याशी जोडायचा, आणि सगळे एक होईपर्यंत हेच करत राहायचे. तयार होणारी आकृती फांद्या फुटलेल्या झाडासारखी दिसते. तिच्यात बंद वाट कोठेही नसते.

भारतनेटच्या पहिल्या टप्प्यात असेच काटकसरीचे धोरण होते. सरकारी दूरध्वनीची केबल जेथपर्यंत आधीच पोचली होती, तेथपर्यंत तीच वापरायची आणि पुढचा उरलेला तुकडा तेवढा नवा टाकायचा. दोन वर्षांत सारे आटोपेल असा अंदाज होता. प्रत्यक्षात पहिल्या एक लाख ग्रामपंचायती गाठायला डिसेंबर २०१७ उजाडले.

पण झाडाची फांदी मोडली की तिच्यावरची सगळीच पाने सुकतात. रस्ता रुंद होतो, नळाची पाइपलाइन पडते, जेसीबीचा दात केबलवर बसतो. समजा, तालुक्यापासून एकापुढे एक अशी पाच गावे आहेत आणि मधल्या पाच तुकड्यांपैकी प्रत्येक तुकडा १०० पैकी ९५ दिवस धड असतो. (आकडे केवळ हिशेबासाठी घेतले आहेत.) पाचव्या गावाला पाचही तुकडे एकाच वेळी धड हवेत. ०·९५ ला ०·९५ ने गुणत जा; पाच वेळा घेतल्यावर सुमारे ०·७७ येतात. म्हणजे वर्षातले सुमारे ८३ दिवस ते गाव बंद! शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्याची शेवटची तारीख त्यांतच आली, तर शेवटच्या गावातल्या मुलीने काय करावे?

आता पाचव्या गावापासून परत तालुक्यापर्यंत तेवढाच भरवशाचा आणखी एक तुकडा टाका. वर्तुळ पूर्ण झाले. गाव बंद पडायचे तर आता दोन्ही वाटा एकाच वेळी तुटायला हव्यात. लांबची वाट बंद असण्याची शक्यता ०·२३, नव्या वाटेची ०·०५. गुणाकार जेमतेम ०·०११. ८३ दिवसांचे चार दिवस झाले, एका जादा तुकड्यावर! ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित भारतनेट योजनेत हाच मार्ग पत्करला आहे. १ लाख ३९ हजार कोटी रुपयांच्या या योजनेत तालुका आणि ग्रामपंचायती वर्तुळाने जोडायच्या असून दहा वर्षांच्या देखभालीचीही तरतूद आहे. माझ्या मते ही दुसरी तरतूद पहिलीइतकीच मोलाची आहे. वर्तुळाचा तुटलेला तुकडा कोणी सांधलाच नाही, तर उरते ती पुन्हा फांदीच. पंचायतीत वीज नसली किंवा यंत्राच्या खोलीला कुलूप असले, तर त्यावर मात्र वर्तुळाचाही इलाज नाही.

तुटलेली जागा शोधण्याची युक्ती मोठी गमतीची आहे. दुरुस्तीवाला तंतूत प्रकाशाचा एक ठोका सोडतो. तुटल्या जागी थोडा प्रकाश मागे फिरतो, विहिरीत हाक मारल्यावर प्रतिध्वनी यावा तसा. काचेत प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर असतो. प्रतिध्वनी ८० मायक्रोसेकंदांनी आला, तर जाऊन येऊन १६ किलोमीटर झाले. म्हणजे केबल ८ किलोमीटरवर तुटली. मग तेथे खणून तंतूची दोन टोके विजेच्या ठिणगीने वितळवून जोडतात.

आपण वरचा गुणाकार केला तो एका गृहीतावर : दोन वाटांच्या बिघाडांचा एकमेकांशी संबंध नाही. दोन्ही केबली एकाच चरात टाकल्या, तर जेसीबीच्या एका फटक्यात दोन्ही तुटतील, आणि नकाशावर वर्तुळ असूनही जमिनीत ते नसेल. तुमच्या तालुक्याचा नकाशा घ्या. गावे रस्त्यांच्या कडेने वर्तुळात जोडून पाहा आणि दोन्ही वाटा एकाच पुलावरून किंवा एकाच घाटातून जातात अशा जागांवर तांबड्या पेन्सिलीने खूण करा. नदीकाठच्या आणि डोंगरी तालुक्यांत अशा खुणा बऱ्याच सापडतील. तेथे केबल खांबांवरून न्यावी, की लांबचा वळसा घ्यावा, याचा हिशेब वर्गात शिक्षकांबरोबर मांडा.