ध्वनिमुद्रणाचे लेखन परगावी देताना

शाळेच्या श्राव्य कार्यक्रमाचे शब्दशः लेखन आता परगावच्या लेखनिकाकडून संगणकाद्वारे करवून घेता येते. १ तासाचे ध्वनिमुद्रण उतरविण्यास सरावलेल्या हातालाही सुमारे ४ तास लागतात. तेव्हा हे काम बाहेर देण्यात कमीपणा नाही. परंतु मालवणी आजी ‘झील’ म्हणते ती आपल्या मुलास. दूरच्या लेखनिकास गाण्यातील झील आठवेल. यास्तव ध्वनिमुद्रणासोबत गावांची नावे व बोलीतील शब्द अर्थासह लिहून धाडावेत. न कळलेल्या जागी अंदाज न बांधता मिनिट-सेकंद नोंदविण्यास सांगावे. आलेला मजकूर मात्र शिक्षकांनी स्वतः ऐकत ताडून पाहावा. वर्गातील कर्णबधिर मुलापर्यंत कार्यक्रम पोहोचतो तो याच कागदावरून. तेथील चुकलेला शब्द त्यास ऐकून सुधारता येत नाही.