साखळीवर चालणारी मोटार

सायकल साखळीवर चालते हे आपण सारेच जाणतो. साखळीवर चालणारी मोटार म्हटली की मात्र हसू येते. अशी एक मोटार जपानात १९६४ साली बाजारात आली. होंडा एस ६०० हे तिचे नाव. बैठक दोघांपुरती आणि एंजिन अवघे ६०६ सी.सी.चे, पण त्यातून ५७ अश्वशक्ती निघे. ती कशी, हे आज आम्ही सांगणार आहोत.

गाडीचा कर्ता सोइचिरो होंडा. त्याचे वडील लोहारकाम व सायकल-दुरुस्ती करीत. १९२२ साली तो टोकियोतील एका मोटार-दुरुस्तीच्या कारखान्यात उमेदवार लागला, तेव्हा आरंभी त्याच्या वाट्यास मालकाचे मूल सांभाळणे आले! महायुद्धानंतर, १९४६ साली, लष्कराची उरलेली छोटी एंजिने त्याने सायकलींना बसवून विकली. १९४८ साली कंपनी काढली आणि मोटारसायकलींत नाव मिळवले. पुढे मोटारी मोजक्या कंपन्यांनीच कराव्यात असा सरकारचा बेत झाला. तसे विधेयक १९६३ साली जपानी संसदेपुढे आले. ते अखेर मंजूर झाले नाही. पण दार लागण्यापूर्वी आत पाऊल टाकणे होंडास भाग होते. त्याच वर्षी त्याने आधी छोटा मालवाहू टी ३६० आणि मग एस ५०० ही गाडी विक्रीस काढली. एस ६०० तिची धाकटी बहीण.

निकड आली म्हणजे माणूस हातच्या विद्येकडे वळतो. मोटारसायकलवाल्यांची विद्या अशी, की एंजिन लहान असेल तर ते वेगाने फिरवावे. घागर लहान असली की खेपा जास्त, तसेच हे. हे एंजिन मिनिटास ८५०० फेरे घेताना पूर्ण शक्ती देई. त्या वेगात प्रत्येक झडप सेकंदास सुमारे ७० वेळा उघडते आणि मिटते. मध्ये लांब दांड्या असल्या तर त्यांचे वजनच आड येते. म्हणून झडपा हलवणारे दोन कॅमशाफ्ट थेट माथ्यावर बसवले. चार सिलिंडरांस चार कार्बोरेटर दिले आणि क्रँकशाफ्टला रोलर बेअरिंगे घातली.

मागील चाकांकडे शक्ती नेण्यासही मोटारसायकलीची साखळीच घेतली. डिफरन्शियल सांगाड्यास पक्के केले. तेथून प्रत्येक चाकास एक साखळी, तेल भरलेल्या बंद पेटीत. या पेट्याच चाकांस धरून ठेवीत. त्यामुळे जागा वाचली आणि खड्डा लागला तरी एक चाक दुसऱ्यास हिसका देईना. खोड एकच होती. वेग देताच गाडीची मागली बाजू वर उचलली जाई. १९६६ साली एस ८०० निघाली. तिच्या आरंभीच्या गाड्यांनंतर साखळी जाऊन नेहमीचा शाफ्ट आणि ॲक्सल आला. लाडक्या युक्तीसही वेळेवर निरोप द्यावा लागतो.

१९७० साली ही मालिका संपली. नाव होंडाचे राहिले, आणि ते रास्तच आहे. परंतु इतक्या वेगाच्या यंत्रात केसभर चूकही खपत नाही. ते भाग कापणाऱ्या, घासणाऱ्या, जुळवणाऱ्या कामगारांची नावे आपणांस ठाऊक नाहीत. आम्ही कामगारांत वावरणारी, कामावरून आल्यावर रात्री पुस्तके वाचून शिकलेली माणसे. अशा गाडीचे बॉनेट उघडले की आम्हांस आधी ते हात दिसतात.